नीराबाईचा राघू कशाने मेला

१

मोरूने दवाखान्याच्या पायरीवर टोपली ठेवली तेव्हा मला वाटलं, पापलेट.

मुरुडच्या गुरांच्या दवाखान्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? कोळ्याची टोपली, वर गोणपाट, कडेने बर्फाचं पाणी ठिबकतंय. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे सांगायची आज लाज वाटते. मोरूने गोणपाट बाजूला केलं. बर्फाच्या चुऱ्यात राघू पडला होता. हिरवागार, गळ्याला गुलाबी कंठ, डोळे अर्धे मिटलेले.

"डाक्टर, याला फाडून बघा आनि कशानं मेला ता सांगा," मोरू म्हणाला. "आयस सांगते, वैनीनं इख घातला."

"अरे, मी बैलांचा डॉक्टर. राघवाचं पोस्टमॉर्टेम करायला बसलो तर लोक हसतील मला."

मोरू हसला नाही. हा आगरदांड्याच्या नीराबाई कोळणीचा धाकटा मुलगा. परदेशी जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकखान्यात कामाला होता आणि पंधरा दिवसांपूर्वी, चौसष्टच्या दिवाळीला, दोन वर्षांनी घरी आला होता. चांगला दणकट गडी. त्याने टोपली माझ्याकडे सरकवली.

"ह्यो निसता राघू नाय, डाक्टर. ह्यो माज्या सदादादाचा आवाज हाय."

मग त्याने सांगितलं. थोरला भाऊ सदा चार वर्षांपूर्वी होडीसकट बुडाला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. हा राघू त्यानेच पिल्लू असताना आणून वाढवलेला. पहाटे होडीवर निघताना सदा दारातून हाक मारायचा, "आये, येतंव गो!" राघवाने ती उचलली होती, अगदी त्याच गळ्याने. सदा गेला, राघू राहिला. चार वर्षं रोज पहाटे त्या घरात सदाची हाक यायची आणि नीराबाई चुलीपाशी बसून उत्तर द्यायची, "ये रं बाला." लोक म्हणत, म्हातारीला भ्रम झालाय. तिला काही भ्रम झाला नव्हता. तिला एवढंच उरलं होतं.

"आज सकाली तो पन गेला," मोरू म्हणाला. "परवा सांजच्याला पंच बसतील. वैनीला घराभाईर काढतील. तुमचा कागद दाखवल्याबिगर आयस कोनाचा आयकनार नाय."

विषारी बाई म्हणून घराबाहेर काढलेल्या विधवेला या किनाऱ्यावर पुन्हा कोण उभं करणार? मी बाह्या वर केल्या.

२

पहिला संशय अर्थात अन्नावर. केसरने, म्हणजे सदाच्या बायकोने, सकाळी बंदरावर जाण्याआधी त्याला हिरवी मिरची आणि भात दिला होता. मी पोटाची पिशवी उघडली. मिरचीच्या बिया, भाताची शितं, सगळं ताजं, वासही स्वच्छ. आतडी निरोगी. विष पोटात गेलं की पोट बोलतं. हे पोट गप्प होतं.

दुसरा संशय शिशावर. कोळ्याच्या घरात जाळ्याला बांधायची शिशाची वजनं पडलेली असतात आणि राघवाला चावायची खोड. पण शिसं हळूहळू मारतं, पाखरू आधी सुकतं. हा तर गुबगुबीत होता. कल्हई उडालेल्या पितळेचंही तेच. चोच, डोकं, मान सगळं जागच्या जागी. कुणी गळा दाबलेला नव्हता.

मग मी छाती उघडली आणि हात थांबला.

फुप्फुसं काळपट लाल, ओल्या स्पंजासारखी. दाबली की पाणी येत होतं. पाण्यापासून शंभर पावलांवर, कोरड्या घरात, हे पाखरू बुडून मेल्यासारखं मेलं होतं. मोरू बाहेर पायरीवर बसला होता. त्याला हे शब्द सांगायचे नाहीत, असं मी तेव्हाच ठरवलं.

म्हणजे मारणारं जे काही होतं ते तोंडाने गेलं नव्हतं, श्वासाने गेलं होतं.

३

मंगळवारी सकाळी आगरदांड्याला पोचलो. बंदरावर दिघीला जाणारी तर, म्हणजे उतारूंची होडी, सुटायच्या बेतात होती आणि कोळणी पाट्या घेऊन भांडत होत्या. नीराबाईच्या घरात मात्र चूल पेटलेली नव्हती. म्हातारी रिकाम्या पिंजऱ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती.

"तूच काय तो गुरांचा डाक्टर?" जुन्या कोळणी कुणाला अहोजाहो करत नाहीत, कलेक्टर आला तरी नाही. "इख सापडला?"

"अजून बघतोय. काल सकाळपासून काय काय झालं ते सांग."

"काय जाला? केसर गेली बंदरावर. मोरू पडवीत झोपलेला. मी चूल पेटवली, आनि भायेर भाजीवाली आयली तिच्याशी बोलत बसले. आत येतंव तर हा खाली पडलेला. पंख असा पसरून." तिने हात पसरून दाखवला आणि तो तसाच राहिला. "मना वाटला, झोपला."

"कसला वास येत होता?"

"रांधपात वास येनारच. मना खोकला आयला, डोल्यातशी पानी आयला. सांजच्याला हीव भरला, छाती आवलली. सकाली उतरला. त्याच्यासाठी हीव आयला, दुसरं काय?"

मी मान हलवली, पण ते हीव मनात टाचून ठेवलं. दुःखाने माणूस मोडतो, हुडहुडी भरून रात्रीत बरा होत नाही.

रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात गेलो. पिंजरा चुलीपासून चार हातांवर टांगलेला, चार वर्षं तिथेच. धूर रोजचाच, भिंती काळ्या कुळकुळीत. या धुराने राघू मरायचा तर तो पहिल्या पावसाळ्यात मेला असता. वर माळ्यावर जुनी जाळी ठेवली होती. शिडीवर चढून पाहिलं, तर जाळ्यांच्या ढिगावर दोन चिमण्या पडलेल्या. कडक झालेल्या, पण जखम नाही.

चिमणीला मिरची कोण भरवतो? चिमणीवर कुणाचा राग असतो?

खाली उतरतोय तोच दारात शेजारचा कोंडाजी तांडेल उभा. पंचांतला मुख्य तोच. हाही माझ्या यादीत होता, कारण सदाने राघवाला शिकवून ठेवलं होतं, "कोंड्या चोर!" सगळ्या कोळीवाड्यासमोर रोज शिव्या खाणाऱ्या माणसाला पाखराचा राग येणारच.

"माज्यावर नजर ठेवू नको," तो तडकला. "मना त्याच्या शिव्यांची सवय जालेली. आज सकाली कोनी चोर बोललाच नाय, तर मना जेवान गेला नाय." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "पन ऐक. काल सकाली केसर पदराखाली कायतरी लपवून खाडीवर गेली. मी माज्या डोल्यांनी बघितली. चिखलात फेकून आयली. बाटली नसंल तर काय व्हती ती?"

४

केसर मागच्या अंगणात जवळा वाळत घालत होती. तिशीच्या आतली, अंगाने शेलाटी. मी आलो तरी तिचे हात थांबले नाहीत.

"गावात बोलतात, तू म्हणाली होतीस, राघवाचा गळा आवळीन?"

"व्हय. बंदरावर, सगल्यांच्या देखत." तिने जवळा पसरला. "दिघीचा एक मानूस पाट लावायला तयार व्हता. चांगला मानूस. दोनदा विचारायला आयला. मी व्हय बोलनार, तवर आतून नवऱ्याची हाक. सांगा डाक्टर, ती हाक आयकून कोन बाय दुसऱ्याच्या घरान जाईल? तवा बोलले. रागानं."

"आणि दिघीवाल्याला?"

"नाय सांगितला. आयसला सोडून कुठं जाऊ?"

मी विचारलं, "काल खाडीत काय टाकलंस?"

तिचे हात तेव्हा थांबले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"काय नाय."

"केसर, उद्या पंच तेच विचारतील."

"मंग त्यांना सांगा, इख टाकला. तसाच लिवा कागदावर. मना चालंल."

निर्दोष माणसं ओरडतात, अपराधी माणसं रडतात. मी इतकी वर्षं गुरांची चोरी, विषबाधा, शेजाऱ्यांची भांडणं पाहिली, पण न केलेला गुन्हा असा ओढून घेणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. आणि तिने तो केला नव्हता, कारण तिला हीव आलं नव्हतं. जे काही हवेत होतं ते नीराबाईच्या छातीत गेलं, राघवाच्या गेलं, चिमण्यांच्या गेलं. केसरच्या गेलं नाही. ती तेव्हा त्या घरात नव्हतीच.

मग ती झाकत काय होती?

५

ओहोटी लागली तसा मी धोतर खोचून चिखलात उतरलो. गुडघाभर रुतलो, एक वहाण कायमची गेली, वर तांडेल काठावरून सल्ले देत होता ते वेगळंच. शेवटी हाताला लाकडी मूठ लागली. ओढली तर बाटली नव्हती. तवा होता.

पण असा तवा मी कधी पाहिला नव्हता. पातळ, हलका, उथळ. बाहेरून जळून काळा, आतून मात्र खपल्या सुटलेल्या, करडा पांढुरका. तांडेलाला दिसण्याआधी मी तो पंच्यात गुंडाळला आणि मोरूला गाठलं.

मोरूचे डोळे विस्फारले. "ह्यो मी आयसला आनला. मार्सेलिसच्या बाजारातशी. आतशी काला चकचकीत व्हता, डाक्टर, आरशासारका! त्याला काय पन चिकटत नाय. आयसची तुकडी नेहमी तव्याला चिकटते, मंग ती तव्यालाच शिव्या घालते. मी म्हटला, ह्या वक्ताला आयसला हसवू." त्याने तवा उजेडाकडे धरला. "ह्यो पांढरा कसा जाला?"

"बोटीवर असे तवे वापरता?"

"एक हाय, कप्तानाच्या आमलेटाचा. पन आमचा गोरा भटारी त्याला कवाच रिकामा तापवू देत नाय. ओरडतो. का ओरडतो, ता मना कवा कलला नाय."

मला कळलं. आणि जे कळलं ते नको होतं.

आपल्याकडे बिडाचा कोरा तवा आणला की बायका काय करतात? रिकामाच चुलीवर चढवतात. खाली ढणाढणा जाळ. धूर सुटून सुटून संपेपर्यंत, तवा निळसर पडेपर्यंत भाजतात, मग मीठ घासतात, अर्धा कांदा फिरवतात, तेल माखतात. तवा मुरवल्याशिवाय त्यावर पहिली भाकरी टाकणारी सून गबाळी ठरते. नीराबाईने पन्नास वर्षांत जेवढे तवे आणले, तेवढे असेच भाजले होते. लोखंड भाजलं, माती भाजली, काही बिघडलं नाही. बीड आणि माती आगीतूनच आलेली, ती आगीला घाबरत नाहीत. पण या परदेशी तव्याच्या अंगावर तो चकचकीत लेप होता. तो जळला आणि त्याचा वायू झाला.

खात्री कशी करायची? माझ्या अंगणात कोंबडीची चार पिल्लं होती. एक तव्याजवळ ठेवलं असतं की झालं. पण ओल्या स्पंजासारखी ती फुप्फुसं डोळ्यांसमोरून जाईनात. पिल्लांवर डालं घालून ती शेजारच्या परड्यात पोचवली आणि अंगणात चूल मांडून तवा मीच तापवला. मीच वर वाकून बसलो. संध्याकाळी मला हुडहुडी भरली, छाती आवळली. बायकोने तीन गोधड्या घातल्या आणि वर भरपूर बोलली. सकाळी मी ठणठणीत होतो.

माणसाला एका रात्रीचं हीव. पाखराचा इवलासा भाता, त्याला तेवढा श्वास पुरला.

६

बुधवारी दुपारी केसर बंदरावर मला आडवी आली. तांडेलाने चिखलाची गोष्ट साऱ्या गावाला सांगितली होती.

"तवा सापडला ना? परत फेका, डाक्टर. खोल पान्यात."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"मी बंदरावरशी आयले तर आयस राघवाला मांडीवर घेऊन बसलेली. तवा चुलीवर लालेलाल, घरान असला वास की डोला उघडंना. मी तवा घाईनं कडेला धरून उचलला, हात भाजला." तिने तळवा पुढे केला. त्यावर आडवा फोड होता. "आयसनं कवातरी तव्याकडं बघितला असता तर तिला कलला असता. म्हनून निवल्यावर नेऊन टाकला. ती बोलली, केसर, तूच मारलास. मी बोलले, बोल मना, काय पन बोल."

"अगं, पण तुला घराबाहेर काढतील."

"मी तरनी हाय. नागावला आयबाप हायेत, दारात तरी उभी करतील. पन तिला कलला का आपल्याच हातानं सदाचा आवाज गेला, तर ती जगनार नाय. मी दुष्ट जाले तर तिला निदान शिव्या घालायला कोन तरी राहील."

मी तिला शब्द दिला, बोलणार नाही. मनात एक बरीशी थाप तयार केली, डॉक्टरी शब्दांत गुंडाळलेली.

७

पंच नीराबाईच्या पडवीतच बसले. मधे कोंडाजी तांडेल, दोन्ही बाजूंना दोन म्हातारे. केसर खांबाला टेकून उभी. नीराबाई दारात बसलेली, दोन दिवस पोटात अन्न नाही, तरी ताठ.

"माझी तपासणी झाली," मी म्हणालो. "विष नव्हतं. राघवाच्या छातीत जुना विकार होता. त्याची वेळ भरली होती, एवढंच. केसरचा यात काही दोष नाही."

तांडेलाने सुस्कारा सोडला. मला वाटलं, सुटलो.

"मंग ती खाडीवर कशाला गेली?" नीराबाईने विचारलं. "तू शिकलेला हायस डाक्टर, पन खोटा बोलताना तू जमिनीकडं बघतोस. केसर, तू सांग. सदाची आन घे आनि सांग. काय टाकलास?"

केसरने पदर सावरला. तिच्या ओठांवर शब्द आले ते मला दिसले. सदाची शपथ घेऊन ती म्हणणार होती, मी मारला. एकदा ते शब्द बाहेर पडले की ते ना पंच परत घेणार, ना समुद्र. आणि जी सून तिच्यासाठी एवढं ऐकून घेत होती, तिच्यावरच ही म्हातारी आयुष्यभर थुंकणार होती.

मी शब्द मोडला. पिशवीतून तवा काढून नीराबाईपुढे ठेवला.

"तिने हा टाकला," मी म्हणालो. "तू बघू नयेस म्हणून."

नीराबाईने तवा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. खपल्या सुटलेल्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. बोलायची गरज नव्हती. पन्नास वर्षं तवे भाजलेली बाई होती ती, तवा कशाने असा होतो हे मी तिला काय सांगणार?

"रिकामा ठेवला व्हता," ती हळूच म्हणाली. "निला पडंना, म्हनून आनखी लाकडा घातली. ताच वास. ताच वास आयला आनि मी खोकले." तिने मान वर केली. "त्याच्यानं मेला?"

"हो. कुणालाच ठाऊक नव्हतं, नीराबाई. मलाही नाही. हे भांडंच आपल्या चुलीचं नव्हतं."

"मी आनला," मोरू एकदम ओरडला आणि तोंड झाकून पडवीच्या कोपऱ्यात बसला. "आये, मी आनला ता!"

"तू मायेनं आनलास," नीराबाई म्हणाली. तिचा आवाज अजून सरळ होता, तेच भीतीदायक होतं. कोंडाजी तांडेल उठला, डोक्याची टोपी काढली आणि बाकीच्या पंचांना म्हणाला, "चला. सभा नाय." पण तो स्वतः पायरीवरच थांबला.

नीराबाईने माझ्याकडे पाहिलं. "डाक्टर. तू त्याला फाडून बघितलास. खरा सांग. त्याला तरास जाला?"

मी या वेळी जमिनीकडे पाहिलं नाही. सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "पाखराचा जीव तो केवढा. कळायच्या आत गेला."

तिने हे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "आनि मानसाचा?"

मला आधी कळलंच नाही.

"पान्यान. एवढा मोठा मानूस. त्याला कलतं काय?"

चार वर्षं त्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण रोज पहाटे हाक येत होती. मी गुरांचा डॉक्टर. माझ्या हातांना ती फुप्फुसं अजून लागत होती.

केसर खांबापासून निघाली. सासूसमोर बसली आणि तिच्या मांडीवरचा तवा काढून बाजूला ठेवला.

"नाय, आये," ती म्हणाली. "त्याला पन नाय कलला. मी त्याची बायको हाय, मना म्हाईत हाय."

नीराबाईने तिच्या भाजलेल्या तळव्याकडे पाहिलं. तो फोड तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला, त्यावर कपाळ टेकलं, आणि सदा बुडाल्यापासून जी बाई कुणाला रडताना दिसली नव्हती ती मोठ्याने रडू लागली. केसरने तिला जवळ ओढलं. तांडेल तोंड फिरवून उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो.